दिवस भरायच्या आत कळा : ‘वाट बघू नका’ या सल्ल्यामागचा इतिहास

गरोदरपणाचे 37 आठवडे पूर्ण व्हायच्या आत पोटात राहून राहून कळा यायला लागल्या, कंबर भरून आली, खाली दाब वाटू लागला, पाणी किंवा रक्त गेलं, तर वाट न बघता दवाखाना गाठा, असं आज कुठलीही नर्स सांगते. हा सल्ला इतका साधा वाटतो की तो कायमच दिला जात असेल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो आजच्या अर्थाने जेमतेम पन्नास वर्षांचा आहे. त्याआधीही बायकांना ही लक्षणं कळत होती आणि सुइणींना तर नक्कीच कळत होती. पण बाई लवकर आली तरी तिच्या बाळासाठी करण्यासारखं फारसं काही कुणाच्या हातात नव्हतं.

या हतबलतेतून कितीतरी समज तयार झाले. प्राचीन ग्रीसमध्ये हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत म्हटलं होतं की सातव्या महिन्यात जन्मलेलं मूल जगू शकतं, आठव्या महिन्यातलं जगत नाही. हा समज शतकानुशतकं टिकला आणि अजूनही कानावर येतो. तो साफ चुकीचा आहे. बाळ पोटात जितके आठवडे जास्त काढेल, तितकी त्याची जगण्याची शक्यता वाढते. आठव्या महिन्यातल्या बाळाची शक्यता सातव्यातल्यापेक्षा चांगलीच असते. हे ठासून सांगायला हवं, कारण ‘आता काही उपयोग नाही’ असं घरच्यांच्या मनात एकदा बसलं की निघायला उशीर होतो.

कळांकडे डॉक्टरांनी बारकाईने बघायला सुरुवात केली ती एकोणिसाव्या शतकात. 1872 मध्ये लंडनचे प्रसूतितज्ज्ञ जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी लिहिलं की गर्भाशय संपूर्ण गरोदरपणातच अधूनमधून आकसतं आणि सैल होतं. ते आकुंचन आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. पोट घट्ट झालं म्हणजे प्रसूती सुरू झालीच असं नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. पण एक अवघड प्रश्नही उभा राहिला. निरुपद्रवी आकुंचन कुठलं आणि गर्भाशयाचं तोंड उघडायला लावणाऱ्या कळा कुठल्या? दीडशे वर्षांनंतरही नुसत्या लक्षणांवरून याचं खात्रीचं उत्तर मिळत नाही, अनुभवी डॉक्टरलाही नाही. म्हणूनच तो निवाडा घरी बसून गरोदर बाईने करावा ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

त्या काळी प्रयत्नांचा सगळा भर जन्मानंतरच्या काळजीवर होता. 1880 च्या सुमारास पॅरिसमध्ये स्तेफान तार्निये यांनी अंडी उबवण्याच्या यंत्राची कल्पना घेऊन नवजात बाळांसाठी ऊबपेटी बनवून घेतली. तिथल्या प्रसूतिगृहात दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू 66 टक्क्यांवरून 38 टक्क्यांवर आल्याची नोंद झाली. बाळ ‘लवकर’ आलं की नाही हे तेव्हा मुख्यतः वजनावरून ठरायचं. 1948 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनेही 2500 ग्रॅम हीच रेघ मान्य केली. यात गोंधळ होता. दिवस पूर्ण भरूनही वजन कमी असलेली बाळं आणि खरोखर लवकर आलेली बाळं एकाच गटात जात होती. 1961 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने दोन्ही वेगळी केली आणि 37 आठवड्यांची मर्यादा पुढे आली. पुढे 1973 मध्ये ग्लासगोच्या ह्यू रॉबिन्सन यांनी सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजून सुरुवातीच्या महिन्यांतच दिवस अचूक ठरवायची पद्धत मांडली. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीचा कागद जपून ठेवायला सांगतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे. पुढे अचानक कळा सुरू झाल्या तर बहुतेक निर्णय ‘आठवडे किती?’ या प्रश्नाच्या उत्तरावरच ठरतात.

ऑगस्ट 1963 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोच्या थोडं वर. आज अशा बाळाबद्दल डॉक्टर बऱ्यापैकी निश्चिंत असतात. तेव्हा मात्र देशातले उत्तमातले उत्तम डॉक्टर हजर असूनही ते 39 तासांत गेलं. फुप्फुसं तयार नव्हती. त्याच्या चारच वर्षं आधी, 1959 मध्ये, मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवून दिलं होतं की अशा बाळांच्या फुप्फुसांत सरफॅक्टंट हा पदार्थ कमी पडतो आणि त्यामुळे हवेचे बारीक फुगे श्वास सोडताना मिटून चिकटतात. कारण समजलं होतं, इलाज नव्हता.

इलाज आला न्यूझीलंडमधून, आणि तोही दुसऱ्याच प्रश्नाच्या शोधात. ऑकलंडचे ग्रॅहॅम ‘मॉन्ट’ लिगिन्स हे प्रसूती सुरू कशाने होते याचा शोध मेंढ्यांवर घेत होते. पोटातल्या कोकराला कॉर्टिसोलच्या जातीचं संप्रेरक दिलं की मेंढी वेळेआधी विते, हे त्यांना दिसलं. पण त्याहून विलक्षण गोष्ट पुढे होती. इतक्या लवकर जन्मलेलं कोकरू मेलेलंच असायला हवं होतं, तरी त्यातलं एक श्वास घेत होतं. तपासणीत त्याच्या फुप्फुसांत काही भागांत हवा भरलेली आढळली. लिगिन्स यांनी ही नोंद बाजूला टाकली नाही. संप्रेरकाने फुप्फुसं वेळेआधी पिकवली असावीत, असा अर्थ त्यांनी लावला आणि 1969 मध्ये तो प्रसिद्ध केला. मग बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांना सोबत घेऊन त्यांनी वेळेआधी प्रसूती होऊ घातलेल्या 282 बायकांवर चाचणी केली. काहींना बीटामेथासोन या स्टेरॉइडची (कॉर्टिसोलच्याच जातीच्या औषधाची) इंजेक्शनं दिली, काहींना नाही. 1972 मध्ये निकाल आला. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतले मृत्यू औषध मिळालेल्या गटात 3.2 टक्के होते, न मिळालेल्या गटात 15 टक्के. 32 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या, पण औषध मिळून किमान 24 तास झालेल्या बाळांमध्ये श्वासाचा गंभीर त्रास 11.8 टक्क्यांना झाला. औषध न मिळालेल्या तशाच बाळांमध्ये हे प्रमाण 69.6 टक्के होतं.

त्या निकालातले ‘किमान 24 तास’ हे शब्द मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. औषध बाळाला नव्हे, आईला द्यायचं होतं, आणि प्रसूतीच्या आधी द्यायचं होतं. त्याला काम करायला वेळ लागत होता. म्हणजे बाई कळा पुढे गेल्यावर, गर्भाशयाचं तोंड बरंच उघडल्यावर आली, तर हातात इंजेक्शन असूनही त्याचा पुरेसा उपयोग होणार नव्हता. लक्षणं लवकर ओळखण्याला खरी किंमत आली ती इथून.

दुर्दैवाने हे वैद्यकविश्वाच्या पचनी पडायला वीसेक वर्षं गेली. पुढच्या चाचण्या लहान होत्या, एकेकटीने ठोस वाटत नव्हत्या. पॅट्रिशिया क्राउली यांनी त्या एकत्र करून मांडल्या तेव्हा चित्र लख्ख झालं. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या बोधचिन्हात आजही याच चाचण्यांचा आलेख आहे, पुरावा असूनही वापर झाला नाही याची आठवण म्हणून. अमेरिकेत तज्ज्ञांच्या परिषदेने या औषधाच्या सर्रास वापराची शिफारस केली ती 1994 मध्ये. मधल्या काळात किती बाळं हकनाक गेली असतील, हा विचार अस्वस्थ करतो.

याच वर्षांत दुसरीकडे कळा थांबवण्याची धडपड चालू होती. साठच्या दशकात फ्रिट्झ फुक्स यांनी शिरेतून अल्कोहोल द्यायची पद्धत आणली. बायकांना अक्षरशः नशा चढायची, उलट्या व्हायच्या, आणि तरीही अनेक ठिकाणी हेच उपचार होते. 1980 मध्ये अमेरिकेत रिटोड्रीन या कळा थांबवायच्या औषधाला मान्यता मिळाली. त्याने छाती धडधडायची, कधी फुप्फुसांत पाणी भरायचं. 1992 मधल्या कॅनडातल्या मोठ्या चाचणीत दिसलं की त्याने प्रसूती एक-दोन दिवस लांबते, पण बाळांचे मृत्यू तेवढ्याने कमी होत नाहीत. आज निफेडिपीनसारखी सुसह्य औषधं आहेत. त्यांच्याकडूनही अपेक्षा तेवढीच असते : सुमारे 48 तास मिळावेत. त्या वेळात स्टेरॉइडची इंजेक्शनं पूर्ण व्हावीत आणि गरज असेल तर नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात आईला हलवता यावं. बाळ पोटात असतानाचा प्रवास त्याच्यासाठी जन्मानंतरच्या प्रवासापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो.

लक्षणांची जी यादी आज पत्रकांत दिसते ती याच सुमारास तयार झाली. फ्रान्समध्ये एमिल पापिएर्निक यांनी 1969 पासून मुदतपूर्व प्रसूतीचा धोका आधी ओळखण्याची पद्धत बसवली. सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट क्रीझी आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या आसपास जोखमीच्या बायकांना शिकवायला सुरुवात केली : बोटांची टोकं पोटावर ठेवून गर्भाशय घट्ट होतंय का बघा, किती वेळाने होतंय ते मोजा, कंबरदुखी किंवा अंगावर जाण्यातला बदल क्षुल्लक समजू नका. नर्सेसनाही शिकवलं की अशा तक्रारीवर ‘होतं असं’ म्हणून कुणाला परत पाठवू नका. मला या कार्यक्रमांचं मोल फार वाटतं, कारण बाईच्या सांगण्याला त्यांनी वजन दिलं.

सुरुवातीचे आकडे आशादायक होते. पण 1993 मध्ये अनेक केंद्रांवर झालेल्या चाचणीत अशा शिक्षणाने मुदतपूर्व प्रसूतींची संख्या काही घटली नाही. घरी पट्टा बांधून कळा मोजणारी यंत्रंही आली. 1998 मध्ये 2400 हून अधिक बायकांच्या अभ्यासात त्यांचाही जास्तीचा फायदा दिसला नाही. 2002 मध्ये असंही स्पष्ट झालं की लवकर बाळंत होणाऱ्या बायकांना कळा थोड्या जास्त येतात खऱ्या, पण नुसत्या संख्येवरून कुणाची प्रसूती लवकर होईल हे सांगता येत नाही. यातून काहींनी ‘मग लक्षणं शिकवून उपयोग काय?’ असा निष्कर्ष काढला. तो मला पटत नाही. शिक्षणाने प्रसूती टळेल ही आशा चुकीची ठरली. त्याने वेळ हाती येतो, हे चुकीचं ठरलेलं नाही.

निदानाची जबाबदारी मग हळूहळू तपासणीवर आली. 1991 मध्ये चार्ल्स लॉकवूड यांच्या गटाने योनीमार्गातल्या स्रावात फायब्रोनेक्टिन हे लवकर प्रसूतीच्या धोक्याचा इशारा देणारं प्रथिन शोधण्याची चाचणी मांडली. 1996 मध्ये जे आयम्स यांच्या अभ्यासाने दाखवलं की सोनोग्राफीत गर्भाशयाच्या मुखाची लांबी जितकी कमी, तितका धोका जास्त. या मुखाच्या कमकुवतपणावर टाका घालण्याची पद्धत मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी 1955 मध्येच जगापुढे ठेवली होती, आणि ‘शिरोडकर टाका’ हे नाव आजही जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत घेतलं जातं. तो आधीच्या प्रतिबंधासाठी असतो. जोरदार कळा सुरू झाल्यावर त्याचा उपयोग नसतो.

‘पाणी प्या, डाव्या कुशीवर तासभर पडा, मग बघू’ हा सल्लाही ऐंशीच्या दशकातल्याच शिकवणीतून घरोघर पोचला. फक्त पोट अधूनमधून घट्ट होत असेल, दुसरं काहीच नसेल आणि आपल्या डॉक्टरांनी तसं सांगून ठेवलं असेल, तर ठीक. पण पडून राहिल्याने मुदतपूर्व प्रसूती टळते याला पुरावा नाही. पाणी जातंय, रक्त दिसतंय, बाळाची हालचाल मंदावली आहे, ताप आहे, किंवा कळा दर दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर येत आहेत, अशा वेळी तो तास घालवू नये. आकुंचन हाताला कळतं : पोट कपाळासारखं कडक लागतं, मग सैल होतं, आणि पुन्हा कडक होतं. पण सगळ्यांना ते तसं जाणवत नाही. कुणाला पाळीच्या वेळेसारखं ओटीपोट नुसतं दुखतं, कुणाची कंबर मंद ठणकत राहते, कुणाला बाळ खाली सरकल्यासारखं वाटतं, कुणाच्या अंगावर जाणं एकदम पातळ, चिकट किंवा गुलाबीसर होतं. दुखलं नाही म्हणजे काही नाही, असं धरू नये. पाणी तर अनेकदा दुखल्याशिवायच थेंबथेंब जातं आणि लघवी समजून सोडून दिलं जातं.

जाऊन काही निघालं नाही तर लाज वाटेल, ही भीती अनेकींना घरी थांबवते. तिला उत्तर आकड्यांत आहे : मुदतपूर्व कळांचं निदान झालेल्या बायकांतही पुढच्या सात दिवसांत बाळंत होणाऱ्या दहा टक्क्यांहून कमी असतात. जवळपास 30 टक्के जणींच्या कळा आपोआप थांबतात. म्हणजे तपासून घरी परत पाठवलं जाणं हीच बहुतेकींची गत असते, आणि त्यात कुणाचंही काही चुकलेलं नसतं.

अलीकडचा टप्पा दोन चाचण्यांचा आहे. 2015 मध्ये सहा देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात, जिथे दिवसांचा अंदाज आणि नवजात बाळांच्या सोयी दोन्ही कच्चे होते तिथे, स्टेरॉइडचा वापर वाढवूनही फायदा दिसला नाही, उलट नुकसानाची शंका आली. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तानातल्या रुग्णालयांत नीट आखलेली चाचणी घेतली. तिथे सोनोग्राफीने दिवस पक्के केले होते आणि बाळांची काळजी घेण्याची सोय होती. डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने बाळांचे मृत्यू इतके स्पष्ट कमी झाले की चाचणी ठरल्याआधीच थांबवण्यात आली. निकाल 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून आज दवाखान्यात फोन करताना किंवा तिथे पोचताच आधी चार गोष्टी सांगाव्यात : किती आठवडे झालेत, त्रास कधीपासून आहे, पाणी किंवा रक्त गेलंय का, आणि आधीचं बाळंतपण लवकर झालं होतं का. आणि वेळेआधी आलेल्या बाळाची सोय तिथे आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावं.