चार बँकांत अर्ज टाकला की होम लोन लवकर होतं? नाही हो!

पुण्यात रिसेल फ्लॅट घेणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी सांगतंच, चार-पाच बँकांत एकदम फाईल टाक, जी आधी पास करेल ती घे. कृपा करून असं करू नका. प्रत्येक अर्जामागे बँक तुमचा सिबिल (आधीची कर्जं कशी फेडली यावरचा स्कोअर) काढते, त्याची एन्क्वायरी म्हणून नोंद होते, आणि थोड्या दिवसांत अशा बऱ्याच नोंदी दिसल्या की स्कोअर खाली येऊ शकतो, शिवाय पुढचा बँकवाला शंका घेतो तो वेगळाच. (स्वतःचा स्कोअर स्वतः बघितला तर काही होत नाही, बिनधास्त बघा.)

खरा वेळ जातो लीगलमध्ये, म्हणजे बँकेचा वकील फ्लॅटची कागदपत्रं तपासतो त्यात. माझ्या चुलत भावाचा धायरीतला फ्लॅट, पगार उत्तम, स्कोअर ७८० च्या वर, तरी फाईल तीन आठवडे अडकली, का तर मधल्या मालकाच्या करारनाम्याची ओरिजिनल रजिस्ट्रेशन पावतीच सापडेना! पाच बँका केल्या असत्या तरी पाचही वकिलांनी तीच मागितली असती.

म्हणून टोकन द्यायच्या आधीच विक्रेत्याकडून आधीचे सगळे करारनामे, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मंजूर नकाशा, कम्प्लिशन (इमारत पूर्ण झाल्याचा दाखला) मागून घ्या आणि नावाचं स्पेलिंग आधार-पॅनशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा.