एमआरआयमधल्या चकरा, मुंग्या आणि ऊब : पार्श्वभूमी

एमआरआय काढून आलेला पेशंट सांगतो, ‘आत गरगरल्यासारखं झालं’, ‘पाठीत काहीतरी फडफडलं’, ‘तोंडाला लोखंडाची चव आली’. त्यावर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं : घाबरला असाल. बंद जागेची भीती खरी आहे आणि ती पुष्कळांना वाटते. पण या तिन्ही तक्रारी वैद्यकीय साहित्यात कधीच्या नोंदलेल्या आहेत. त्यातली एक तर सुरक्षेचे नियम ठरवतानाच गृहीत धरलेली आहे.

बदलत्या चुंबकीय क्षेत्रात डोकं ठेवलं की डोळ्यांपुढे प्रकाश लुकलुकतो, हे एका फ्रेंच संशोधकाने १८९६मध्ये लिहून ठेवलं होतं. १९८०च्या दशकात रुग्णालयांत आलेली यंत्रं जास्तीत जास्त दीड टेस्लाची (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) आणि आजच्या मानाने संथ होती, त्यामुळे तक्रारी मुख्यतः आवाजाच्या आणि कोंडल्यासारखं वाटण्याच्या असत. १९९२मध्ये अमेरिकेत चार टेस्लाच्या प्रायोगिक यंत्रात गेलेल्या स्वयंसेवकांची पाहणी प्रसिद्ध झाली. चक्कर, मळमळ, धातूची चव आणि डोळे फिरवताना दिसणारे झगमगते ठिपके, हे सगळं तिच्यात आहे.

खरा वाद मुंग्यांचा. यंत्राच्या नळीत ग्रेडिअंट कॉइल, म्हणजे चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलणारी तारांची वेटोळी, असतात. त्यांतला प्रवाह सेकंदाच्या अगदी लहान अंशात उलटसुलट होतो, आपण ऐकतो ती ठकठक त्यांचीच. क्षेत्र इतक्या वेगाने बदललं की शरीरात विद्युतक्षेत्र तयार होतं आणि कातडीजवळच्या नसा चेतवल्या जातात. कुणाच्या नाकाच्या मुळाशी टोचतं, कुणाच्या खांद्याच्या पात्यात किंवा कमरेखाली स्नायू उडतो. पक्षाघाताच्या तपासणीत वापरतात तसे वेगवान स्कॅन १९९०च्या दशकात रुळू लागले, तेव्हा हा अनुभव प्रयोगशाळेपुरता राहिला नाही आणि मर्यादा कुठे आखायची हा प्रश्न आला.

काळजी मुळात हृदयाची होती. हृदयाचे ठोके बिघडायला नसांपेक्षा पुष्कळ जास्त चेतना लागते. म्हणून नसांनाच पहारेकरी नेमलं गेलं : मुंग्या येतात त्या पातळीच्या आसपास थांबलं, तर हृदय सुरक्षित. ही पातळी निरोगी, प्रौढ स्वयंसेवकांना यंत्रात झोपवून आणि ‘आता काही जाणवलं का?’ असं विचारत काढली गेली. त्यातल्या निम्म्यांना जाणवायला लागतं तो उंबरठा. नेहमीच्या स्कॅनला या उंबरठ्याच्या ८० टक्क्यांपर्यंत मुभा आणि देखरेखीखालच्या वरच्या पातळीला १०० टक्के, असा आंतरराष्ट्रीय नियम झाला. याचा सरळ अर्थ असा, की वरच्या पातळीवर निम्म्या माणसांना काहीतरी जाणवणार हे मान्य करूनच तो आखलेला आहे. ८० टक्क्यांवरही ज्यांच्या नसा जास्त संवेदनशील आहेत, त्यांना मुंग्या येऊ शकतात. नियम वेदना टाळण्यासाठी आहे, जाणीव टाळण्यासाठी नाही.

मला हा निर्णय तांत्रिकदृष्ट्या पटतो. मर्यादा आणखी खाली आणली असती तर स्कॅन लांबले असते, आणि मेंदूत रक्ताची गुठळी अडकलेल्या माणसाला तो वेळ परवडत नाही. न पटणारी गोष्ट वेगळी आहे. नियम आखणाऱ्यांनी जे हिशेबात धरलं, ते टेबलावर झोपणाऱ्याला कुणी सांगत नाही. हातात रबरी बल्ब देतात, ‘त्रास झाला तर दाबा’ म्हणतात, पण त्रास म्हणजे काय ते सांगत नाहीत. म्हणून पाठ फडफडत असताना माणूस दात आवळून पडून राहतो. बल्ब दाबला असता तर टेक्निशियनने हात सुटे करायला लावले असते किंवा स्कॅनची सेटिंग सौम्य केली असती.

चक्करेचं कोडं सुटायला २०११ उजाडलं. तोवर समज असा, की टेबल सरकताना किंवा डोकं हलवताना भोवळ येते. अमेरिकेतल्या एका गटाने स्वयंसेवकांना तीन आणि सात टेस्लाच्या यंत्रांत अंधारात निश्चल झोपवलं आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्याने त्यांचे डोळे पाहिले. एकही स्कॅन सुरू नसताना, नुसत्या स्थिर चुंबकात, डोळे एका बाजूला हळूहळू सरकून झटक्याने परतत होते. ज्यांच्या आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा निकामी होती, त्यांच्यात हे घडलं नाही. कानातल्या द्रवातून विद्युतभारित कण सतत वाहत असतात. त्या प्रवाहावर चुंबकाचं बल पडतं, द्रव ढकलला जातो आणि मेंदूला वाटतं, डोकं फिरतंय. बाहेर आल्यावर डोळे काही काळ उलट्या दिशेला सरकतात. तेव्हा टेबलावरून लगेच उठलं की तोल जाणं ही काही मनाची समजूत नव्हे.

उबेचा इतिहास सोपा आहे. स्कॅनसाठी यंत्र सोडतं त्या रेडिओलहरींची ऊर्जा अंगात उष्णता होऊन मुरते, आणि नेहमीच्या स्कॅनमध्ये ती शरीराच्या दर किलोला सरासरी २ वॅटपर्यंत ठेवतात. पण उघडी मांडी मांडीला किंवा हात कमरेला टेकून वेटोळं झालं, तर स्पर्शाच्या जागी चटका बसू शकतो. आपल्याकडे २०१८च्या जानेवारीत मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडरसकट यंत्राकडे खेचला जाऊन एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर धातूबद्दलची जागरूकता वाढली, आणि ती हवीच होती. मांड्या एकमेकींना टेकू नयेत म्हणून मध्ये ठेवायच्या कापडाच्या घडीबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही.

नंतरच्या तक्रारींत अलीकडे सगळ्यात जास्त चर्चा आहे ती गॅडोलिनियमच्या इंजेक्शनची. गॅडोलिनियम हा धातू असलेलं हे औषध, म्हणजे कॉन्ट्रास्ट, चित्र ठळक दिसावं म्हणून टोचतात. टोचताना हाताला जाणवणारा गारवा आणि क्षणभराची धातूची चव १९८८पासून, म्हणजे हे कॉन्ट्रास्ट वापरात आल्यापासून परिचयाची. २०१४मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवलं, की वारंवार इंजेक्शन घेतलेल्यांच्या मेंदूचे काही भाग साध्या स्कॅनमध्येही उजळ दिसतात, म्हणजे हा धातू तिथे साठून राहतो. पुरावा एकच, पण २०१७मध्ये निर्णय दोन झाले : युरोपने त्यातली काही औषधं थांबवली, अमेरिकेने सगळी चालू ठेवून पेशंटला माहितीपत्रक देणं बंधनकारक केलं. त्वचेची आग, हाडांत दुखणं, डोक्यात धुकं, अशा महिनोन्‌महिने टिकणाऱ्या तक्रारी काहीजण सांगतात. त्याला स्वतंत्र आजार म्हणायचं का, यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही, आणि साठलेल्या धातूमुळेच हे होतं असं सिद्धही झालेलं नाही. कॉन्ट्रास्ट घेतलं असेल तर त्या औषधाचं नेमकं नाव रिपोर्टवर लिहून घ्यावं. पुढच्या वेळी कोणतं टोचायचं हे ठरवताना डॉक्टरला तेच लागतं.