बंदरातला गाळ आणि पर्यावरण मंजुरी: अर्ज नेमका कुठे अडतो

बंदराच्या मुखाशी गाळ साचून होड्या भरतीची वाट पाहत थांबू लागल्या, की मच्छीमार संस्थेचा अर्ज जातो आणि त्यात बहुधा एकच वाक्य असते: ‘गाळ काढण्यास परवानगी मिळावी.’ १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना मात्र आधी हे विचारते की, पूर्वी मंजूर झालेली खोली राखायची आहे की तळ नव्याने खोल करायचा आहे. देखभालीचे ड्रेजिंग, म्हणजे साचलेला गाळ उपसण्याचे काम, मूळ प्रस्तावात धरलेले असेल, त्याचा पर्यावरण व्यवस्थापन आराखडा झालेला असेल आणि मंजुरी मिळालेली असेल, तरच ते पुन्हा मंजुरीतून सुटते. कोकणातली कित्येक बंदरे या अधिसूचनेपेक्षा जुनी असल्यामुळे मूळ मंजुरीचा कागद दप्तरात नसतोच, आणि ‘दरवर्षी काढतो’ हे सांगणे त्या कागदाच्या जागी चालत नाही.

वर्षाला ५० लाख टन किंवा अधिक मालहाताळणीची क्षमता असलेले बंदर ‘अ’ वर्गात, म्हणजे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे जाते. त्याखालचे बंदर, तसेच वर्षाला १०,००० टन किंवा अधिक मासळी हाताळणारे मासेमारी बंदर ‘ब’ वर्गात, राज्य प्राधिकरणाकडे. यातही एक मेख आहे. संरक्षित क्षेत्र किंवा राज्याची सीमा ५ किलोमीटरच्या आत असेल तर ‘ब’ चा ‘अ’ होतो. त्यामुळे मालवणच्या सागरी अभयारण्याजवळ किंवा तेरेखोलच्या बाजूला काम असेल, तर हे अंतर अर्जाआधीच मोजून घ्यावे.

मासळी १०,००० टनांपेक्षा कमी म्हणून सगळ्यातूनच सुटलो, असे कोणी समजू नये. किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची परवानगी वेगळी असते आणि सर्वाधिक अर्ज तिच्या नकाशापाशी अडतात. मी पाहिलेल्या एका प्रस्तावाला उपग्रह छायाचित्राची रंगीत प्रत जोडून तिच्यावर लाल पेनाने भरतीची रेषा ओढलेली होती. लागतो तो १:४००० प्रमाणाचा, केंद्राने प्राधिकृत केलेल्या संस्थेनेच तयार केलेला नकाशा. त्यावर भरती-ओहोटीच्या रेषा आणि तुमच्या कामाचा आराखडा एकत्र दिसला पाहिजे. अशा संस्था मोजक्या, त्यामुळे नकाशाचे काम सर्वांत आधी सोपवावे.

गाळ टाकणार कुठे, हे न लिहिलेला अर्जही परत येतो. ‘खोल समुद्रात’ हे उत्तर नव्हे. जागेचे अक्षांश-रेखांश, तिथली खोली, गाळाच्या नमुन्याची तपासणी आणि प्रवाहाने तो परत मुखाशी येणार नाही याचा अभ्यास लागतो. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात असे अभ्यास होतात.

पाणी, हवा व सागरी जीवांची मूळ स्थितीची माहिती पावसाळा सोडून एका हंगामात घ्यायची असते आणि ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही. मे सरला की पुढचा ऑक्टोबर उजाडावा लागतो, हे कंत्राटदार सांगत नाही.

अर्ज केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर भरायचा. जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघते आणि पर्यावरण आघात अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध असावा लागतो; तो मिळाला नाही तर त्याच मुदतीत लेखी मागावा, कारण सुनावणीच्या दिवशी केलेली तक्रार इतिवृत्तात एका ओळीपुरतीच उरते. वाटेत कांदळवन असेल, तर उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार न्यायालयाची परवानगी लागते. त्यासाठीचे महिने कामाच्या वेळापत्रकात कुणीच धरत नाही.