इंजिन घरघरलं नाही, तरी चार्जिंग होतं
टोयोटाच्या हायक्रॉस, हायरायडरसारखी स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर, दोन्हींवर चालणारी) गाडी महिनाभर उभी राहिली की मोठी, महागडी बॅटरी जाते, असा समज आहे. प्रत्यक्षात बहुधा आधी मान टाकते ती साधी १२ व्होल्टची. अलार्म, चावीचा रिसीव्हर तिच्यावरच जगतात. ती बसली की मोठी शाबूत असूनही गाडी ‘रेडी’ (चालायला तयार) होत नाही.

इंजिन बंद म्हणजे चार्जिंग नाही, हेही चूक. ब्रेक दाबून बटण दाबलं आणि समोर ‘रेडी’ दिसलं की मोठी बॅटरीच छोटीला चार्ज करते. मोठी उतरली की इंजिन आपणहून सुरू होतं (म्हणून बंद गॅरेजात हा उद्योग नकोच). आठवड्यातून तासभर गाडी तशी ‘रेडी’त ठेवा, गिअर ‘पी’वर (पार्क); ‘एन’मध्ये (न्यूट्रल) मोठी चार्ज होत नाही. आणि ब्रेक न दाबता बटण दाबून नुसती गाणी ऐकत बसलात, तर छोटी आणखी उतरेल.