कॅडेट पायलट कार्यक्रम आणि स्वखर्चाचे वैमानिक प्रशिक्षण (भारत)

व्यावसायिक वैमानिक परवाना, म्हणजेच सीपीएल, मिळवण्याचे भारतात दोन प्रमुख मार्ग आहेत. विमान कंपनी एखाद्या प्रशिक्षण संस्थेशी करार करून उमेदवार निवडते तो कॅडेट कार्यक्रम. आणि उमेदवार स्वतः फ्लाइंग क्लब शोधून, जमेल तसे पैसे भरून शिकतो तो स्वखर्चाचा मार्ग. कॅडेट कार्यक्रमाला बोलण्यात ‘कंपनीने प्रायोजित केलेले प्रशिक्षण’ म्हणतात, पण हा शब्द फसवा आहे. भारतातल्या बहुतेक कॅडेट कार्यक्रमांत कंपनी प्रशिक्षणाचा खर्च देत नाही. दोन्हीकडे पैसे घरचेच जातात, किंवा घर तारण ठेवून काढलेल्या शैक्षणिक कर्जाचे.

परवान्याच्या अटी दोघांनाही सारख्याच. वय किमान १८, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम व तांत्रिक विषयांच्या लेखी परीक्षांत ७० टक्के गुण लागतात; रेडिओ संभाषणाचा परवाना वेगळा. उड्डाणाचे किमान २०० तास भरावे लागतात. त्यांपैकी १०० तास विमानाची सूत्रे स्वतःच्या हाती हवीत आणि एक प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा (सुमारे ५५५ किमी), वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून केलेला हवा.

या २०० तासांतला प्रत्येक तास कसा जमतो, हे धुळे, बारामती किंवा गोंदियाच्या धावपट्टीवर पहाटे गेल्याशिवाय कळत नाही. उजाडायच्या सुमारास शिकाऊ वैमानिक सेसना या छोट्या प्रशिक्षण विमानाच्या पंखाखाली वाकून पारदर्शक नळीत थोडे इंधन काढतो आणि उजेडाकडे धरून पाहतो. एव्हिएशन पेट्रोल फिकट निळे दिसायला हवे. तळाशी पाण्याचा थेंब दिसला, तर तो जाईपर्यंत पुन्हा काढायचे. मग तेल, टायर, पंखांचे फ्लॅप, सगळे यादी हातात धरून तपासायचे. एवढे करून ढग खाली आले किंवा वारा आडवा सुटला, की उड्डाण रद्द. जून ते सप्टेंबर तर महाराष्ट्रात आठवडेच्या आठवडे असे जातात. लॉगबुकात तास वाढत नाहीत, पण वसतिगृहाचे भाडे आणि कर्जाचे व्याज चालूच राहते. स्वखर्चाने शिकणाऱ्याला ही दिरंगाई सर्वांत जास्त जाचते. विमान दुरुस्तीला गेले किंवा प्रशिक्षक सोडून गेला, तर वर्षभरात संपायचा अभ्यासक्रम दोन-अडीच वर्षे रेंगाळतो. म्हणून अनेक जण अमेरिका, दक्षिण आफ्रिका किंवा न्यूझीलंडला जातात. मात्र परतल्यावर परदेशी परवान्याचे रूपांतर करून घ्यावे लागते आणि त्यासाठी पुन्हा डीजीसीएच्या परीक्षा असतात.

भारतात राहून सीपीएलला साधारण ४० ते ६० लाख रुपये लागतात. पण तेवढ्यावर प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये बसता येत नाही. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या ठरावीक विमानाचे ‘टाइप रेटिंग’, म्हणजे ते विमान चालवण्याची वेगळी पात्रता, लागते, तो खर्च आणखी काही लाखांचा. ते स्वतःच्या पैशाने आधीच करून ठेवायचे, तर कोणती कंपनी कोणत्या विमानासाठी भरती काढणार याचा अंदाज बांधावा लागतो. तो चुकला, की रेटिंग कागदावर राहते.

कॅडेट कार्यक्रमात हा अंदाज बांधावा लागत नाही. संगणकावरची अभियोग्यता चाचणी, गटचर्चा व मुलाखत यांतून निवड झाली, की परवान्यापासून टाइप रेटिंगपर्यंत सलग वेळापत्रक मिळते आणि हातात सशर्त ‘लेटर ऑफ इंटेंट’, म्हणजे नोकरी देण्याचा इरादा कळवणारे पत्र, येते. एकूण खर्च अनेकदा एक कोटीच्या वर जातो. या जास्तीच्या पैशांत उमेदवार खरे तर रांगेतली जागा विकत घेतो. पण ती जागा पक्की नसते, आणि हे पालकांना आधीच स्पष्ट सांगायला हवे. पत्रातला ‘सशर्त’ हा शब्द कंपनीच्या गरजेलाही लागू असतो. जेट एअरवेजची उड्डाणे एप्रिल २०१९ मध्ये थांबली, गो फर्स्टची मे २०२३ मध्ये. अशा वेळी अनुभवी वैमानिकच नोकरीच्या शोधात बाहेर पडतात आणि नवशिक्यांची पाळी मागे जाते. करारावर सही करण्याआधी कंपनीने माघार घेतली तर काय, मधेच वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरलो तर काय, आणि नोकरी लागल्यावर किती वर्षांचा बाँड, ही तीन कलमे वकिलाकडून वाचून घेतलेली बरी.

कंपनी खरोखर खर्च उचलते अशी व्यवस्था ब्रिटनमध्ये दिसते. तिथे १९६० मध्ये हॅम्बल येथे सुरू झालेले कॉलेज ऑफ एअर ट्रेनिंग बीओएसी आणि बीईए या विमान कंपन्यांसाठी वैमानिक घडवत असे. ब्रिटिश एअरवेजने २०२३ मध्ये स्पीडबर्ड पायलट अकॅडमी जाहीर केली, तीत प्रत्येक उमेदवाराचा १ लाख पाउंडांपर्यंतचा खर्च कंपनीकडे आहे. वैमानिकाचा व्यवसाय श्रीमंतांच्या मुलांपुरता उरू नये, ही त्यामागची उघड भूमिका.

भारतात हे काम कंपन्यांपेक्षा सरकारी संस्थांनीच थोडेफार केले आहे. केंद्राने १९८५ मध्ये उत्तर प्रदेशात फुरसतगंज येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उड़ान अकादमी स्थापली. महाराष्ट्रात ‘महाज्योती’ या शासकीय संस्थेने इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील निवडक उमेदवारांना नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये सीपीएलचे प्रशिक्षण दिले. खर्च शासनाचा असल्याने शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या मुलामुलींना हा मार्ग खुला झाला. कंपन्यांपैकी एअर इंडियाने अमरावतीजवळ बेलोरा विमानतळावर ३४ प्रशिक्षण विमानांची स्वतःची संस्था उभारायला घेतली असून, वर्षाला १८० वैमानिक तयार करण्याचे तिचे उद्दिष्ट आहे.