गर्दी वाढली म्हणजे गावाचे भले झाले?

पर्यटक जितके अधिक, तितके स्थानिक लोक सुखी, हा समज कोल्हापुरात अनेक वर्षे ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांवर महाद्वार रोड परिसरातील ओटीच्या साहित्याचा, यात्री निवासांचा आणि चपलांचा व्यवसाय चालतो, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र उत्पन्न आणि स्वास्थ्य या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या घरात पर्यटनाचा एक रुपयाही येत नाही, त्या घरालाही नवरात्रातील वाहतूक कोंडी, पार्किंगची अडचण आणि कचरा सोसावाच लागतो. लाभ मोजक्यांच्या गल्ल्यात आणि भार साऱ्या पेठेवर, अशी ही वाटणी असते. १९७५ मध्ये डॉक्सी या अभ्यासकाने स्थानिकांच्या मनःस्थितीचे चार टप्पे मांडले: उत्साह, उदासीनता, चीड आणि उघड विरोध. पुढील संशोधकांनी या क्रमावर आक्षेप घेतला, कारण एकाच गल्लीतील दुकानदार आणि निवृत्त शिक्षक एकाच टप्प्यावर नसतात (एकाच वाड्यातील दोन भाऊही नसतात!). २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेला पन्हाळा हा तर नांदत्या वस्तीचा किल्ला आहे; तेथे पर्यटक मोजताना रहिवाशांच्या पाण्याचा आणि रस्त्याचा हिशेबही मांडावा लागेल.