जेरिकोचं जेल: चार वर्षं जी कुणाच्याच हिशोबात नाहीत

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गाझाच्या कैदी अदलाबदलीच्या बातम्या येत होत्या तेव्हा दोन पॅलेस्टिनी नेत्यांची नावं सारखी कानावर पडत होती, मारवान बरघूती आणि अहमद सआदात, आणि दोघांच्याही पुढे तेच, इस्राएल सोडायला तयार नाही. बरघूती बऱ्याच जणांना माहीत असतात. सआदात कोण हे आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नसतं (इजिप्तच्या अन्वर सादातशी काही संबंध नाही बरं का) आणि हा माणूस इस्राएलच्या तुरुंगात जायच्या आधी चार वर्षं पॅलेस्टिनींच्याच जेलमध्ये, पण ब्रिटिश आणि अमेरिकन देखरेखीखाली होता, हे तर त्याहून कमी जणांना. ती भानगड जरा मागून सांगतो, मधूनच वाचलं तर टोटल लागत नाही.

ऑगस्ट २००१. दुसरा इंतिफादा, म्हणजे इस्राएलविरुद्धचा पॅलेस्टिनींचा उठाव, पेटलेला. २७ तारखेला इस्राएली हेलिकॉप्टरने रामल्लाला लागून असलेल्या अल-बिरेहमध्ये एका ऑफिसवर मिसाइल सोडली आणि आत बसलेले अबू अली मुस्तफा जागेवर गेले. ते पीएफएलपीचे सरचिटणीस होते, म्हणजे १९७० च्या आसपास विमानं पळवण्यासाठी गाजलेली ती डावी संघटना. त्यांच्या जागी सआदात आले. १७ ऑक्टोबरला जेरुसलेममधल्या एका हॉटेलात इस्राएलचे पर्यटन मंत्री रेहावाम झेएवी यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि पीएफएलपीने सरळ सांगितलं की हा बदला आहे, आम्हीच केलं.

या झेएवींचं टोपणनाव काय होतं माहितीये? गांधी! तरुणपणी अंगाने काटकुळे, एकदा डोकं तासून आणि कापड गुंडाळून गांधीजींचं सोंग केलं आणि ते नाव मरेपर्यंत चिकटलं. विचार मात्र पार उलटे, पॅलेस्टिनींना इथून उचलून दुसऱ्या अरब देशांत पाठवा म्हणणारा पक्षच त्यांनी काढला होता. इस्राएली पेपरांत "गांधींचा खून" असे मथळे वाचताना आपल्या माणसाला दोन मिनिटं काही सुधरत नाही.

मग पॅलेस्टिनी ऑथॉरिटीचे, म्हणजे पॅलेस्टिनींच्या स्वतःच्या सरकारचे, अध्यक्ष अराफात यांच्यावर इस्राएलचा दबाव सुरू झाला की मारेकरी आमच्या ताब्यात द्या. जानेवारी २००२ मध्ये पॅलेस्टिनी गुप्तचर खात्याच्या प्रमुखाने सआदातांना बोलणी करायला म्हणून बोलावून घेतलं आणि तिथेच अटक केली, पीएफएलपीवाले हा दगा अजून विसरलेले नाहीत. त्याच महिन्यात इस्राएलने तांबड्या समुद्रात करीन-ए नावाचं जहाज पकडलं, त्यात ५० टनांच्या आसपास शस्त्रं, आणि त्याचे पैसे पुरवल्याचा ठपका आला अराफातांच्या पैशांचा कारभार बघणाऱ्या फुआद शुबाकींवर. म्हणजे इस्राएलला हवे असलेले पाहुणे रामल्लाच्या मुकातात, अराफातांच्या मुख्यालयात जमा होत गेले. २९ मार्चला इस्राएली रणगाडे मुकाताला येऊन भिडले आणि महिनाभर वेढा, आत दोन-चार खोल्यांत अराफात, त्यांची माणसं, आणि हे कैदी.

आता यात एक प्रकार असा झाला की वेढ्यातच, त्याच इमारतीत, २५ एप्रिलला लष्करी कोर्ट बसवून चौघांना झेएवी प्रकरणात शिक्षा ठोठावली. एकाला १८ वर्षं, एकाला १२, एकाला ८, आणि अहद ओलमा याला १ वर्ष. हे १ वर्ष लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बाहेर रणगाडे उभे असताना असं चटावरच्या श्राद्धासारखं उरकलेलं न्यायदान कसलं असणार ते सांगायला नको, पण त्याचा हेतू वेगळाच होता: शिक्षा झालीये, आता इस्राएलकडे पाठवणी कशाला? सआदात आणि शुबाकींवर मात्र खटलाच नाही, ना तेव्हा ना नंतर.

तोडगा काढला अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी. एप्रिलच्या शेवटी डील ठरलं की सहाही जण जेरिकोच्या जेलमध्ये जातील, पहारेकरी पॅलेस्टिनी असतील, आणि पहारेकऱ्यांवर नजर ठेवायला अमेरिकन आणि ब्रिटिश मॉनिटर बसतील. बदल्यात अराफात मोकळे. मे महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत कैदी हलले आणि वेढा उठला. नेमकं त्याच दिवसांत वेस्ट बँकेतल्या जेनिनमध्ये इस्राएली लष्कराच्या कारवाईत काय घडलं याची चौकशी करायला नेमलेलं संयुक्त राष्ट्रांचं पथक इस्राएलच्या नकारामुळे गुंडाळलं गेलं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी सौदा होता असं तेव्हापासून बोललं जातंय, आणि तारखा बघितल्या की मलाही ते अगदीच हवेतलं वाटत नाही.

जेरिको म्हणजे समुद्रसपाटीच्याही अडीचशे मीटर खाली, उन्हाळ्यात भट्टी. तिथलं जेल ब्रिटिशांच्या काळातल्या पोलीस किल्ल्यात. हे किल्ले ज्याच्या नावाने ओळखले जातात तो सर चार्ल्स टेगार्ट आपल्या इतिहासातला माणूस आहे, कलकत्त्याचा पोलीस कमिशनर, क्रांतिकारकांचा कर्दनकाळ, गोपीनाथ साहाने १९२४ मध्ये टेगार्ट समजून भलत्याच इंग्रजाला मारलं तो हा. १९३७ च्या सुमारास अरबांचं बंड मोडायला इंग्रजांनी त्याला पॅलेस्टाइनमध्ये नेलं आणि त्याच्या सल्ल्याने जाड काँक्रीटचे चौकोनी पोलीस किल्ले देशभर उभे राहिले. इंग्रज गेले, जॉर्डन आलं, मग इस्राएल, मग पॅलेस्टिनी ऑथॉरिटी, किल्ले तेच. आणि २००२ मध्ये इंग्रज परत आले, या वेळी हातात शस्त्र नाही, फक्त वही.

त्या मॉनिटरांचं काम नीट समजून घ्यायला हवं, सगळा घोळ तिथेच आहे. परदेशी देखरेख म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे रेड क्रॉस येते, म्हणजे कैद्याला मारहाण होतेय का, जेवण मिळतं का, डॉक्टर येतो का, घरच्यांची चिठ्ठी पोचते का. इथे उलट होतं. हे लोक बसले होते ते कैद्यांना जास्त मोकळीक तर मिळत नाहीये ना हे बघायला. भेटायला कोण येतंय, कोठडीची झडती झाली का, फोन कुणाकडे आहे, पत्र कुठे जातंय. त्यांनी बघायचं आणि कळवायचं, दार उघडायचा किंवा लावायचा अधिकार नाही. किल्ली पॅलेस्टिनी अधिकाऱ्याच्या कमरेला, पण कुणाला कधी सोडायचं हे ठरवायची सोय त्यालाही नाही. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो इस्राएल कागदावर कुठेच जेलर नाही.

याचा पुरावा लगेच मिळाला. ३ जून २००२ ला गाझातल्या पॅलेस्टिनी हायकोर्टाने सांगितलं, सआदातांविरुद्ध पुरावा नाही, सोडा. दुसऱ्याच दिवशी पॅलेस्टिनी कॅबिनेटने सांगितलं, सोडता येणार नाही, बाहेर पडले तर इस्राएल मारेल. म्हणजे तुमच्याच जिवासाठी तुम्हाला आत ठेवतोय! अॅम्नेस्टीने यावर टीका केली, पुढे काही हललं नाही. आपल्याकडे आणीबाणीत मिसात आत गेलेल्यांना निदान आपण कोणत्या कायद्याखाली आत आहोत ते तरी सांगता यायचं, सआदातांना तेवढंही नाही. आणि तो अहद ओलमा, १ वर्षवाला? शिक्षा कशीही मोजली तरी २००३ मध्ये संपली. मार्च २००६ ला तो जेरिकोतच होता.

मधली वर्षं भिजत घोंगडं. कैद्यांची राहणी अगदी वाईट नव्हती, लोक भेटायला यायचे, फोन चालायचे, पुढारी आत बसून राजकारण करत होते, आणि मॉनिटर रिपोर्ट लिहीत होते की हे करारात बसत नाही. ऑथॉरिटीला त्यांच्यावर कडक व्हायचं नव्हतं, घरच्याच लोकांच्या नजरेत जेलर कोण होईल? आणि सोडायचीही टाप नव्हती. इकडे आड तिकडे विहीर.

मग २००६ च्या जानेवारीत इलेक्शन झालं, १३२ पैकी ७४ जागा हमासने घेतल्या, सआदात जेलमधूनच खासदार झाले. हमास म्हणायला लागली की आमचं सरकार आलं की सोडू, अराफातांनंतरचे अध्यक्ष अब्बासही त्याच सुराचं काहीतरी बोलून गेले. ८ मार्चला ब्रिटिश आणि अमेरिकन कॉन्सुल जनरलनी अब्बासना जोडीने लेटर पाठवलं की आमच्या लोकांच्या सुरक्षिततेची आणि कराराची व्यवस्था झाली नाही तर आम्ही ताबडतोब निघू. कधी, ती तारीख नाही. प्रत इस्राएललाही गेलेली. अब्बास युरोपच्या दौऱ्यावर निघाले.

१४ मार्चची सकाळ. मॉनिटर साडेनवाच्या आत बाहेर पडले. अर्ध्या तासाच्या आत इस्राएली रणगाडे आणि बुलडोझर जेलला भिडले. इतकी फौज अर्ध्या तासात गोळा होत नाही, ती तयारच होती, आणि हे सांगायला कुणी लष्करी तज्ज्ञ लागत नाही. ब्रिटनचे परराष्ट्र मंत्री जॅक स्ट्रॉ यांनी पार्लमेंटमध्ये संगनमताचा आरोप फेटाळला, आमच्या माणसांच्या जिवाला धोका होता, ऑथॉरिटीने भेटी, झडत्या, फोन, पत्रव्यवहार यातली अट कधीच पूर्ण पाळली नाही असं सांगितलं. धोक्याचं पूर्ण खोटं नसेलही, त्या दिवसांत परदेशी लोकांची अपहरणं होतच होती. पण तक्रार चार वर्षं जुनी आणि निघायचा मुहूर्त नेमका हमासचं सरकार बसायच्या दोन आठवडे आधी, इस्राएलच्या इलेक्शनच्याही दोन आठवडे आधी, हे कसं जुळलं ते स्ट्रॉसाहेबांनाच ठाऊक.

दिवसभर, दहाएक तास, भिंती पाडणं चाललं. निदान दोन पॅलेस्टिनी मेले. आतून सआदात फोनवरून टीव्हीवाल्यांशी बोलत होते, ज्या फोनबद्दल तक्रार होती तोच प्रकार. कैदी आणि पहारेकरी सगळ्यांना कपडे उतरवून, फक्त चड्डीवर, हात वर करून कॅमेऱ्यांपुढून चालवत बाहेर आणलं, त्यात कोण चोर कोण शिपाई काही कळत नव्हतं. संध्याकाळी सआदात आणि बाकीचे पाच बाहेर आले. गाझात तोवर ब्रिटिश कौन्सिलची इमारत पेटली होती.

पुढचं थोडक्यात. इस्राएलच्याच अॅटर्नी जनरलने महिनाभरात सांगितलं की झेएवींच्या खुनाचा खटला सआदातांवर चालवण्याएवढा पुरावा नाही, म्हणजे गाझाच्या हायकोर्टाचंच म्हणणं चार वर्षांनी हिब्रूत. तरी लष्करी कोर्टाने डिसेंबर २००८ मध्ये त्यांना ३० वर्षं दिली, बंदी असलेल्या संघटनेचं नेतृत्व केलं म्हणून. त्यांनी कोर्टच मानलं नाही. मग सुमारे ३ वर्षं एकांतकोठडी, ती सुटली २०१२ च्या मोठ्या उपोषणानंतर. आणि ज्या रेड क्रॉसचं वर म्हटलं, तिलाही इस्राएलने ७ ऑक्टोबर २०२३ नंतर पॅलेस्टिनी कैद्यांना भेटू देणं बंद केलं.

शुबाकींची शिक्षा शेवटी १७ वर्षांवर आली. ते सुटले १३ मार्च २०२३ ला, वयाच्या ८३ व्या वर्षी. १४ मार्च २००६ पासून मोजून बघा, १७ वर्षं बरोब्बर भरतात. जेरिकोची चार वर्षं त्यात धरलेली नाहीत.